पुलावरची बोगनवेल

परिपत्रक वाचून झालं तसं रसिका गावंडेने ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं, कारण एवढा मूर्खपणा एका दमात पचणं शक्य नव्हतं. यापुढे राज्यातल्या प्रत्येक पुलाच्या दुभाजकावर फुलझाडांच्या कुंड्या बसवणं सक्तीचं होणार होतं. राज्य सेतू-स्वास्थ्य प्राधिकरणाच्या संगणकाने सगळ्या पुलांची माहिती चाळून निष्कर्ष काढला होता, की ज्या पुलांवर बाग आहे ते पूल इतरांपेक्षा ठणठणीत असतात. मग काय, बागा लावा, पूल टिकतील. छत्र्या उघडल्यामुळे पाऊस पडतो असं त्या संगणकाने उद्या सांगितलं असतं, तर प्राधिकरणाने छत्र्यांचं कंत्राट काढलं असतं.

आदर्श नमुना म्हणून परिपत्रकात अकोल्याच्या चिंचफैल उड्डाणपुलाचं नाव होतं. रसिका प्राधिकरणाच्या अकोला विभागात तांत्रिक अधिकारी होती, त्यामुळे अंमलबजावणीचे नियम तिनेच लिहायचे होते. आणि त्या पुलावरची बाग तिच्या वडिलांनी लावलेली होती.

या सगळ्याची सुरुवात चांगल्या हेतूने झाली होती, हेच तर दुखणं होतं. पूर्वी पूल तपासायला माणसं जायची. ती पुलाखाली सावलीत गाडी उभी करायची, कंत्राटदाराकडे जेवायची आणि ‘समाधानकारक’ असा शेरा मारून परतायची. मग ओळीने काही पूल पडले, माणसं गेली, चौकशा झाल्या, आणि शेवटी बोलकं काँक्रीट आलं. या काँक्रीटमध्ये केसाहून बारीक कार्बनचे तंतू मिसळलेले असतात आणि त्यांच्यातून सतत बारीकसा वीजप्रवाह सोडलेला असतो. काँक्रीटवर ताण आला की विजेला होणारा अडथळा बदलतो. चीर पडली की तिथला रस्ताच तुटतो आणि अडथळा एकदम वाढतो. हे सगळं मोजून संगणक दर तासाच्या ठोक्याला पुलाचा स्वास्थ्यांक काढतो, शंभरपैकी. तो साठाच्या खाली गेला की भोंगा वाजतो आणि दोन्ही टोकांची फाटकं आपोआप बंद होतात. मंत्र्याचा फोन आला म्हणून ती उघडत नाहीत.

कायदा करणाऱ्यांनी यात एकच गोष्ट आणखी केली. माणसांवरचा विश्वास उडालेला असल्यामुळे माणसांकडून पूल तपासून घेणंच त्यांनी बंद केलं. मंत्र्याला धोक्याचा पूल चालू ठेवता येणार नाही, हे फार छान झालं. पण पूल स्वतः काही बोलत नसेल तर अभियंत्यालाही तो बंद करता येणार नाही, हेही त्यातच आलं. बांधकाम कंपन्यांची सुरक्षा-नोंद म्हणजे त्यांच्या पुलांच्या स्वास्थ्यांकांची सरासरी, आणि पुढची कामं त्या नोंदीवर मिळायची. त्रिकुट इन्फ्रा ही कंपनी सलग काही वर्षं राज्यात पहिली येत होती. चिंचफैलचा पूल त्यांचा लाडका, कारण तो सत्त्याण्णवाच्या खाली कधी उतरलाच नव्हता.

परिपत्रक येण्याच्या थोडे दिवस आधी रसिका त्याच पुलाखाली रसवंतीवर थांबली होती. रसवंतीच्या ताडपत्रीवर पत्रा टाकलेला दिसला म्हणून तिने सहज विचारलं, तर मालक म्हणाला, वरून खडे पडतात. तिने मान वर केली. जिथे जिथे वर कुंडी होती, तिथे तिथे पुलाच्या पोटावर तांबूस ओघळ उतरले होते. ओघळ गंजाचे होते. पत्र्यावर पडलेला एक मुठीएवढा तुकडा तिने पर्समध्ये टाकला आणि कार्यालयात येऊन त्याला तारा जोडल्या. मग हातोडीने तुकड्याचे दोन भाग केले, पुन्हा एकमेकांना चिकटवून धरले, आणि पुलावरच्या कुंड्यांना घालतात तेच कॉलनीच्या बोअरचं पाणी वरून शिंपडलं. यंत्राने तपासून सांगितलं, काँक्रीट अखंड आहे.

म्हणजे घडत होतं ते एवढंच. काँक्रीटला बारीक छिद्रं असतात, ती पाण्याने भरली की वीज पाण्यातून वाट काढते आणि चीर बिनबोभाट ओलांडून जाते. पावसाळ्यात हे होणार हे गणित करणाऱ्यांना माहीत होतं. पुलावरच्या पर्जन्यमापकाकडून नोंद घेऊन ते तेवढं पाणी वजा करायचे. पण भर एप्रिलात पुलावर रोज टँकर रिकामा होत असेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्यात अकोल्याच्या अंगाला खारपाणपट्टा, बोअरचं पाणी चुळ भरावी तर तोंड वाकडं व्हावं असं. खाऱ्या पाण्यातून वीज आणखी सुखाने वाहते आणि आतल्या सळया त्याहून सुखाने गंजतात. ज्या पाण्याने पूल सडत होता, त्याच पाण्याने तो ठणठणीत दिसत होता. आणि ते पाणी घालत होते वामनराव गावंडे, रसिकाचे वडील.

वामनरावांनी उभा जन्म एसटीत काढला, वाहतूक नियंत्रक म्हणून. स्टँडवरच्या खिडकीत माइकसमोर बसून गाड्या सोडायच्या आणि घड्याळाकडे बघायचं, हे त्यांचं आयुष्य. माइकवर एवढं बोलून घरी आल्यावर त्यांच्याकडे शब्द उरत नसत. रसिकाची आई कुंदाताई गेल्या, त्यानंतरच्या वर्षी त्यांनी फिरायला येणाऱ्या चार म्हाताऱ्यांना गोळा करून पुलावर बाग लावली. त्रिकुटने कुंड्या आणि टँकर दिला. गुलाब, जास्वंद, मोगरा, सगळं त्या पाण्याने जळालं. टिकली फक्त बोगनवेल, तीही कुंदाताईंनी फाटकावर चढवलेल्या वेलीच्या फांद्या कापून लावलेली. वेल हिरवीगार वाढली, पण फुलायची मात्र नावालाच. वामनराव म्हणायचे, पाणी कमी पडत असेल, आणि दुसऱ्या दिवशी आणखी घालायचे. रोज सकाळी चिखलाच्या चपला घेऊन घरात शिरायचे आणि रसिका रोज कटकट करत व्हरांडा पुसायची.

रसिका तुकडा घेऊन सरनाईक साहेबांकडे गेली. सरनाईक विभागप्रमुख, निवृत्तीला आलेले, कुठल्याही प्रश्नाकडे तो आपल्या निवृत्तीच्या आत येतो की नंतर एवढंच बघणारे. तिने त्यांच्या टेबलावर प्रयोग करून दाखवला. फुटलेलं काँक्रीट अखंड असल्याचं यंत्राने पुन्हा एकदा सांगितलं, आणि साहेबांच्या काचेवर मातकट पाणी सांडलं. त्यांनी ते रुमालाने पुसलं.

“तुकड्याला स्वास्थ्यांक नसतो, मॅडम,” ते म्हणाले. “पुलाला असतो. आणि तो सत्त्याण्णव आहे.”

तिने ओघळांचे फोटो दाखवले. डोळ्यांनी केलेली तपासणी नियमात बसत नाही, असं त्यांनी सांगितलं. मग निदान आठवडाभर टँकर थांबवा, पूल स्वतःच बोलेल, असं ती म्हणाली. तेही शक्य नव्हतं. झाडांना पाणी घालणं हा त्रिकुटच्या देखभाल कराराचा भाग होता आणि टँकर थांबवला तर तो करारभंग ठरला असता. पूल बंद करायला स्वास्थ्यांक खाली यायला हवा, तो यायला पाणी थांबायला हवं, आणि पाणी थांबवायला पूल धोक्यात असल्याचं सिद्ध व्हायला हवं. रसिकाने कपाळाला हात लावला. त्या पुलावरून रोज शाळांच्या बसगाड्या जात होत्या, आणि हा माणूस काच पुसत होता.

उरला एकच माणूस. त्या दिवशी संध्याकाळी वामनराव व्हरांड्यात बसले असताना तिने त्यांना सगळं सांगितलं, वीज, छिद्रं, खारं पाणी, गंज, काही वगळलं नाही. ते ऐकत गेले तसे त्यांचे हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट होत गेले.

“तुमच्याच यंत्रानं पूल राज्यात पयला आहे म्हटलं,” ते म्हणाले. “अन् तू म्हणून राहिली, का मी सडवला?”

“तुम्ही मुद्दाम केलं असं मी म्हणतच नाही, बाबा. फक्त आठ-दहा दिवस टँकर चढू देऊ नका.”

“वैशाखात? तुझ्या आईच्या फांद्या आहेत त्या, रसू.”

रसिकाचाही तोल सुटला. फांद्या महत्त्वाच्या की माणसं, असं ती बोलून गेली, आणि बोलल्याक्षणी तिला स्वतःचीच लाज वाटली. वामनराव उठून आत गेले. तिथून पुढे घरात अबोला. तसे ते एरवीही बोलत नसत. पण गप्प बसणं वेगळं आणि अबोला वेगळा, हे त्या घरात राहणाऱ्यालाच कळलं असतं. ताट वाढलं की जेवायचे, पहाटे उठून पुलावर जायचे, उन्हं चढली की परत यायचे. माणसाने किती हट्टी असावं, याला काही सुमार? रसिका रोज मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत कार्यालयात जायची आणि दिवसभर कुंड्यांच्या मापांचा मसुदा करायची.

त्यातच त्रिकुटकडून निमंत्रण आलं. कंपनीच्या सुरक्षा विभागाचा प्रमुख पराग लोढे स्वतः घरी आला, पेढे घेऊन. चिंचफैलच्या पुलावर छोटासा समारंभ होता, प्राधिकरणाचे अध्यक्ष येणार होते, आणि वामनरावांना ‘सेतुमित्र’ म्हणून गौरवायचं होतं. वामनरावांनी मान हलवून होकार दिला. रसिकाला वाटलं, त्या पेढ्यांचा डबा उचलावा आणि फाटकाबाहेर भिरकावून द्यावा.

दरम्यान पुलाचा स्वास्थ्यांक घसरू लागला होता. आधी नव्वदीत आला, मग ऐंशीत. सरनाईकांच्या मते हा हंगामी चढउतार होता. लोढेने फोन करून यंत्रात बिघाड आहे का म्हणून विचारलं. टँकर तर रोज भरून निघत होता, त्याची नोंद त्याच्यासमोर होती. रसिकालाही उलगडा होईना. ऊन फार आहे म्हणून असेल, अशी तिने स्वतःची समजूत काढली. व्हरांडा हल्ली पुसावा लागत नव्हता, हे तिच्या लक्षात आलं होतं. पण वडिलांवरचा राग एवढा ताजा होता, की स्वच्छ फरशीकडे बघून तिने फक्त सुटकेचा श्वास सोडला होता.

समारंभ सकाळी ठेवला होता. पुलाच्या मध्यावर एका बाजूची वाहतूक वळवून मांडव घातला होता आणि दुसऱ्या बाजूने बस, ट्रक, रिक्षा धडधडत जात होत्या. अधिकारी म्हणून रसिकाला व्यासपीठावर बसणं भाग पडलं. मोबाइलवर दहाचा स्वास्थ्यांक आला, एकसष्ट. आणखी दोनच गुण उतरले की फाटकं बंद होणार होती. लोढेनेही तो पाहिला असावा, कारण तो खाली उतरून कुंडीजवळ गेला, मातीत बोट खुपसलं, आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्याने घाईघाईने कोणाला तरी फोन केला. थोड्याच वेळात टँकर वर आला आणि सगळ्या कुंड्यांमधून पाइप अंथरले गेले. वामनरावांच्या हस्ते जलार्पण करून समारंभाला सुरुवात होईल, असं जाहीर झालं. एक चावी फिरवली की सगळा पूल भिजणार होता, आणि पुढचे कित्येक दिवस त्याची तब्येत पुन्हा उत्तम दिसणार होती.

वामनराव टँकरजवळ गेले. चावीवर हात ठेवला. मग म्हणाले, आधी दोन शब्द बोलतो, आणि लोढेच्या हातातला माइक त्यांनी सहज काढून घेतला.

त्यांनी सुरुवात केली ती मूर्तिजापूर डेपोत नोकरीला लागले तिथपासून. पहिला साहेब कोण, पहिली गाडी कुठली, ती बोरगावच्या चढावर कशी बंद पडायची आणि प्रवासी उतरून कसे ढकलायचे, एकेक बैजवार. लोक चुळबुळ करू लागले. अध्यक्षांनी जांभई दाबली. वामनराव बदलीवर आले, तिथून दुसऱ्या बदलीवर गेले. ऊन मांडवाच्या आत शिरलं. रसिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरात पंधरवड्यात एक शब्द न बोलणारा हा माणूस, आणि आज इथे सगळ्या राज्यासमोर बसस्थानकांचा इतिहास उलगडतोय. लोढेने एक चिठ्ठी पुढे सरकवली. वामनरावांनी चष्मा लावून ती माइकवरच वाचली, “आटोपतं घ्या, असं लिहून आलं आहे. घेतो,” आणि दिवाळीच्या जादा गाड्यांकडे वळले.

बोलता बोलता त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. जन्मभराची सवय होती ती, कोणाला काही वाटलं नसतं. पण रसिकाने त्यांचं ते बघणं लहानपणापासून पाहिलं होतं. गाडी सुटायच्या आधी ते असंच बघायचे. तिची नजर त्यांच्या चपलांवर गेली. चपला कोरड्या होत्या, आजही आणि इतके दिवसही. शेजारच्या कुंडीतली माती तडकली होती. बाबा रोज पहाटे जात होते ते भरलेला टँकर पुलावर चढण्याआधीच अडवून परत फिरवायला. आणि आता ते अकराची वाट बघत होते.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला तिने मान खाली घातली. लोढे आता उघडच माइक ओढू लागला होता. वामनराव चावीवरचा हात न काढता बोलतच राहिले.

अकराला भोंगा वाजला. पुलाच्या दोन्ही टोकांना लाल दिवे लागले आणि आत येणाऱ्या बाजूची फाटकं खाली आली. मांडवात एकदम गोंधळ उडाला, खुर्च्या पडल्या. तेवढ्यात ध्वनिक्षेपकातून आवाज आला, शांत, खणखणीत, वर्षानुवर्षं स्टँडवर घुमलेला.

“प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. चिंचफैल पुलावरून जाणाऱ्या सर्व गाड्या रद्द करण्यात आलेल्या आहेत. प्रवाशांनी धावपळ न करता, लहान मुलांचे हात धरून, पुलावरून खाली उतरावे.”

का कोण जाणे, लोक ऐकायला लागले. त्या आवाजाने सांगितलं की फलाट बदलायचा, हे अकोल्याच्या दोन पिढ्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. ट्रक रांगेने उतरले, शाळेची बस उतरली, अध्यक्षही उतरले. सगळ्यांत शेवटी रसिका वडिलांचा दंड धरून खाली आली. दोघंही काही बोलले नाहीत, पण तो अबोला नव्हता.

पूल स्वतः बोलल्यामुळे आता माणसांना तपासायची मुभा होती. क्रेनने पुलाच्या मध्यावरची एक कुंडी उचलली आणि खालचा थर तिच्यासोबतच निघाला. आतली सळई रसिकाने बोटांनी चुरली, तिचा तांबडा भुगा झाला. आणखी एक पावसाळा काही या पुलाने पाहिला नसता. ते बघून वामनराव कडेला जाऊन बसले आणि बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिले.

आता सगळ्यांचे डोळे उघडले असतील, असं ज्याला वाटेल त्याने प्राधिकरणात नोकरी केलेली नाही. स्वास्थ्यांक का घसरला याचं कारण संगणकात भरायचं होतं, आणि कारणांच्या ठरलेल्या पर्यायांत ‘पूल खरोखरच सडला होता’ असा पर्याय नव्हता. सगळ्यांत जवळचा पर्याय होता ‘देखभालीत कसूर’. बागेचे देखभालकर्ता म्हणून नाव होतं वामनराव गावंडे यांचं. झाडांना पाणी न घातल्यामुळे राज्यातल्या सर्वोत्तम पुलाचा स्वास्थ्यांक घसरला, सबब आपणावर कारवाई का करू नये, अशी नोटीस निघाली. रसिकाने ती लिहायला साफ नकार दिला, तेव्हा सरनाईकांनी दुसऱ्याकडून लिहून घेतली. त्रिकुटला पूल पाडायचं काम मिळालं.

नोटीस द्यायला ती स्वतःच गेली. वामनराव घरी नव्हते. ती बंद पुलाच्या चढाशी पोहोचली आणि जागीच थांबली. वाहनं नाहीत, माणसं नाहीत, टँकर तर नाहीच. वैशाखातल्या त्या भाजणाऱ्या उन्हात अख्खा दुभाजक राणी रंगाने पेटला होता. वेलींवर पान शोधावं लागत होतं, एवढी फुलं. पहिल्या कुंडीपाशी, फाटकाच्या अलीकडे वामनराव हातात कात्री घेऊन उभे होते. घरच्या फाटकावरची वेल कधीच वाळून गेली होती, तिच्या जागी लावायला फांद्या घ्यायला आले होते.

त्यांनी नोटीस वाचली, घडी घालून खिशात ठेवली.

“पाणी घातलं नाही, हे तर खरंच आहे,” ते म्हणाले. मग फुलांकडे बघत राहिले. “तुझी आई म्हणत होती. बोगनवेलीले जरा तहानलेली ठेवा, मंग फुलते. मले वाटे, उपाशी काऊन ठेवायचं? मी आपला घालतच राहिलो.”

रसिकाने त्यांच्या हातातली कात्री घेतली आणि चांगल्या जाडसर फांद्या बघून ती कापू लागली.

पुढच्या आठवड्यात कुंड्यांच्या सक्तीचा मसुदा तिने सरनाईकांच्या टेबलावर ठेवला. परिपत्रक रद्द करायला दुसरं परिपत्रक लागतं आणि ते निघणं साहेबांच्या निवृत्तीच्या आत शक्य नव्हतं, त्यामुळे सक्ती तशीच होती. रसिकाने कुंडीचं माप, मातीचं प्रमाण, सगळं नीट लिहिलं होतं. शेवटी दोन नियम तिने आपल्या मनाने घातले होते. सर्व पुलांवर फक्त बोगनवेल लावावी. लागवड झाल्यावर तिला पावसाव्यतिरिक्त कोणतंही पाणी देऊ नये, दिल्यास तो करारभंग समजला जाईल.

सरनाईक सही करता करता थबकले. पेन हवेत तसंच धरून त्यांनी विचारलं, पाणी न घालता झाडं जगतील का.

“जगतील, सर,” रसिका म्हणाली. “आणि पूल खरं बोलतील.”

साहेबांना दुसरं वाक्य कळलं नाही. त्यांनी सही केली.